अपघातग्रस्तांचा दावा आणि कचेरीतील माणसे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत, गांधीबाग येथील एका वकिली कचेरीच्या कर्मचाऱ्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वार्षिक सभेत आम्हांस दोन शब्द बोलण्यासाठी पाचारण केले, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. अशा व्यासपीठावरून बहुधा वकील बोलतात, निवृत्त न्यायाधीश बोलतात. वकिलांच्या कचेरीतील कारकून, टंकलेखक आणि दाराशी बसून आल्यागेल्याची विचारपूस करणाऱ्या ताई यांना असा मान क्वचितच मिळतो. आम्ही काळा कोट घालीत नाही, न्यायाधीशांपुढे उभे राहून युक्तिवाद करीत नाही. तथापि अपघातात जायबंदी झालेल्या माणसाचे वकीलपत्र ज्या दिवशी सही होते, त्या दिवसापासून त्याच्या बँकखात्यात रक्कम जमा होईपर्यंत जो काळ जातो, त्यातील बहुतेक दिवस त्या कुटुंबाचा संबंध आमच्याशीच येत असतो. म्हणून आमच्या कामाविषयी, आणि त्या कामात आपल्यासारख्या रुग्णालयाचा किती मोठा वाटा आहे याविषयी, चार गोष्टी आपणांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

आमची कचेरी गांधीबागेत आहे. गांधीबाग म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे कापडाची घाऊक बाजारपेठ उभी राहते. एका बाजूस इतवारीची किराणा व धान्याची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूस महाल, आणि उत्तरेकडून धावणारा सेंट्रल अव्हेन्यू. या साऱ्या व्यापाराचा भार ज्यांच्या पाठीवर आहे ते हमाल, हातगाडीवाले, सायकलरिक्षावाले, ऑटोचालक, दुकानांतील नोकर, शिलाईकाम करणाऱ्या स्त्रिया, हेच आमचे बहुसंख्य पक्षकार. दक्षिणोत्तर जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्वपश्चिम जाणारा महामार्ग ५३ नागपुरात एकमेकांना भेटतात. शिवाय ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला व ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रस्ते वाढले, वेग वाढला, त्याबरोबर अपघाताने उद्ध्वस्त होणारी कुटुंबेही आमच्या दाराशी अधिक येऊ लागली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेल्या बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, ती घटना विदर्भ विसरलेला नाही. त्या वेळी शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अनेकांना वाटते की असे साहाय्य मिळाले म्हणजे भरपाई मिळाली. शासकीय साहाय्य ही शासनाची सहानुभूती आहे आणि भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पहिले मिळाले म्हणून दुसऱ्यासाठी दावा करण्याचा मार्ग बंद होत नाही. हा भेद समजावून सांगणे हेच आमच्या कामातील पहिले पाऊल असते.

हा हक्क आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची सोय केली. पण तो मार्ग गरिबाच्या आवाक्यातला नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम १६६ अन्वये जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला असला तरी दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा आहे. त्यामुळे चंद्रपूर वा अमरावतीच्या रस्त्यावर जखमी झालेला गांधीबागेतील हमाल आपला अर्ज नागपुरातच दाखल करू शकतो. या न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घटना अशीच घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दाखविणे पुरेसे असते.

कायदा इतका सहृदय असताना माणसे खचतात का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आमच्या कचेरीच्या बाकावर रोज बसलेले असते. घरातील कमावता माणूस पलंगावर आहे. घरभाडे थकले आहे. मुलाच्या शाळेची फी भरावयाची आहे. शस्त्रक्रियेसाठी पत्नीचे दागिने गहाण पडले आहेत. अशा अवस्थेत कोणी तरी सांगते की दावा लावा, आणि ती बाई एका पिशवीत सगळे कागद कोंबून आमच्याकडे येते. पिशवीत एक्स-रे असतो, औषधाच्या पावत्या असतात, रेशनकार्ड असते आणि विजेचे बिलही असते. तिला कलम माहीत नसते, न्यायाधिकरण हा शब्दही तिने ऐकलेला नसतो. तिच्यापुढे एकच प्रश्न असतो, पुढच्या महिन्यात घर कसे चालवायचे.

आमच्या कचेरीत एक रीत आहे. पहिल्या भेटीत कोणाकडूनही लगेच कागद मागावयाचे नाहीत. प्रथम पाणी द्यावयाचे, बसावयास सांगावयाचे आणि घटना तिच्या शब्दांत, तिच्या क्रमाने ऐकून घ्यावयाची. यात दया दाखविण्याचा हेतू नाही. कामाचीही ती गरज आहे. घाईने विचारलेल्या प्रश्नांना माणूस 'हो' म्हणत जातो आणि खरी गोष्ट राहून जाते. धडक देणारे वाहन कोणते होते, ते कोणत्या बाजूने आले, कोणी पाहिले, जखमीला कोणी उचलून आणले, हे सारे निवांत बोलण्यातूनच बाहेर येते. बोलता बोलता ती रडते, थांबते, पुन्हा बोलते. समोरच्या ताई लिहिणे थांबवून वाट पाहतात. मग कागदांची जुळवणी सुरू होते.

कागदांच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विलंब. १९९४ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावयाचा आहे. या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, हे खरे. पण त्या वादाचा आधार धरून स्वस्थ बसणे कुटुंबाच्या हिताचे नाही, असेच आम्ही प्रत्येकास सांगतो. पाय मोडलेल्या माणसाचे सहा महिने केव्हा निघून जातात, हे आपल्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. दोन शस्त्रक्रिया, जखमेत पू, पुन्हा प्लास्टर, आणि एक दिवस लक्षात येते की पाच महिने संपले. म्हणून रुग्ण अजून वॉर्डात असतानाच नातेवाइकांनी प्रथम खबरी अहवालाची प्रत, घटनास्थळ पंचनामा आणि गाडीचा क्रमांक मिळवून ठेवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पोलिसांवरही आता जबाबदारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. आपल्या अपघाताचा अहवाल गेला किंवा नाही, हे पोलीस ठाण्यात विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे. एकट्या बाईला ठाण्यात जाण्याचा संकोच वाटला, तर आमच्यापैकी कोणी तरी तिच्यासोबत जातो.

काही तरतुदी अशा आहेत की त्या माहीत नसल्यामुळे लोक हात हलवीत परत जातात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळू शकतात. वाहन सापडले, पण दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण असले, तर कलम १६४ अन्वये मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळण्याची सोय केलेली आहे. कामठी, तुमसर, गोंदिया, वर्धा येथून रोज रेल्वेने येणारे कामगार गाडीतून पडून जखमी होतात. त्यांच्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे पीठ नागपुरातच आहे. मृत्यूबद्दलची तेथील रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये झाली असून अर्जाची मुदत एक वर्षाची आहे.

आता आपल्या रुग्णालयाशी ज्याचा थेट संबंध आहे, त्या विषयाकडे वळतो. दाव्याचे भवितव्य पुष्कळदा अपघात विभागातील टेबलावर, पहिल्या दहा मिनिटांत ठरते. रुग्णास घेऊन आलेला नातेवाईक घाबरलेला असतो. पोलिसांच्या भानगडीत पडावयास नको, या भीतीने तो 'घरी पायरीवरून पडले' असे सांगून मोकळा होतो. तेच शब्द केसपेपरवर उतरतात. वर्षभराने विम्याचे वकील तोच केसपेपर न्यायाधिकरणापुढे ठेवतात आणि विचारतात, ट्रकचा उल्लेख येथे कोठे आहे? त्या एका ओळीचे निराकरण करण्यात वर्षे जातात, आणि काही वेळा निराकरण होतही नाही. म्हणून आमची विनंती आहे की, माहिती कोणी दिली, त्याचे रुग्णाशी नाते काय, आणि रुग्ण शुद्धीवर होता काय, या तीन गोष्टी नोंदीत अवश्य असाव्यात. रस्त्यावरून जखमीला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसाला धीर देणेही आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा परोपकारी व्यक्तींच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवावयाचे नाही. गांधीबागेतील हातगाडीवाल्याने आपल्या गाडीवर घालून जखमीला आणले, तर त्याला चहा द्यावा आणि सन्मानाने निरोप द्यावा.

दुसरी गोष्ट अपंगत्वाच्या दाखल्याची. एक उदाहरण घेऊ. समजा, ३२ वर्षांचा एक हमाल आहे. महिन्याला १२ हजार रुपये कमावतो. अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झाला आणि डॉक्टरांनी शरीराच्या हिशेबाने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. त्याची वार्षिक मिळकत १ लाख ४४ हजार रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणकाचा जो तक्ता दिला, त्याप्रमाणे ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. मिळकतीचे नुकसान ४० टक्केच धरले, तर वार्षिक ५७ हजार ६०० गुणिले १६, म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० रुपये होतात. पण ज्याची सारी मिळकत पाठीवरच्या ओझ्यावर आहे, तो माणूस अधू पायाने गठ्ठा उचलू शकेल काय? तो काम करूच शकत नाही असे पुराव्याने सिद्ध झाले, तर हिशेब संपूर्ण मिळकतीचा होतो आणि रक्कम २३ लाख ४ हजार रुपयांवर जाते. भविष्यातील मिळकतवाढ, उपचारखर्च आणि वेदनांबद्दलची भरपाई या बाबी वेगळ्या. दोन हिशेबांतील अंतर १३ लाख ८२ हजार ४०० रुपयांचे आहे, आणि दोन्हींत पाय तोच आहे.

हा विचार आमच्या पदरचा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो विस्ताराने मांडला. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची मिळकत जवळजवळ पूर्ण जाऊ शकते. तोच हात गमावलेल्या शासकीय कारकुनाची नोकरी टिकूही शकते. म्हणून शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या शक्तीची हानी या दोन गोष्टी निराळ्या मोजावयाच्या, असे न्यायालयाने सांगितले. एखाद्या अवयवाच्या हिशेबाने दिलेली टक्केवारी संपूर्ण शरीराची समजू नये, हेही त्याच निकालात आहे. आपल्या डॉक्टरांनी दाखल्यावर 'उजव्या पायाचे इतके टक्के, संपूर्ण शरीराचे इतके टक्के' असे स्पष्ट लिहिले, आणि रुग्णास उकिडवे बसता येईल काय, ओझे उचलता येईल काय, जिना चढता येईल काय, हे चार शब्दांत नमूद केले, तर न्यायाधिकरणाचे काम सुकर होते. दाखला फुगवून देण्याची आमची मागणी कधीच नसते. फुगवलेला दाखला उलटतपासणीत फुटतो आणि त्याबरोबर खरी दुखापतही संशयास्पद ठरते.

डॉक्टरांना साक्षीसाठी बोलावले की त्यांचा अर्धा दिवस जातो आणि इकडे रुग्ण ताटकळतात, ही आपली तक्रार रास्त आहे. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेऊन डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये, त्यांची साक्ष ठरावीक वेळी व्हावी, आवश्यक तर आयुक्त नेमून घेतली जावी, असे सुचविले आहे. आमच्या बाजूने आम्ही एवढे करतो की, समन्स पाठविण्यापूर्वी डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेचे दिवस विचारून घेतो, मूळ केसपेपर तयार असल्याची अभिलेख विभागाकडून खात्री करून घेतो आणि त्या दिवशी प्रकरण पुढे जाण्याची चिन्हे दिसली तर सकाळीच फोन करतो.

निर्धन रुग्णांच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात व खर्च निर्धन रुग्ण निधीतून होतो. उपचार मोफत झाले म्हणजे दाव्यात मागण्यासारखे काही उरले नाही, असे अनेकांना वाटते. देणगीदार बंधु-भगिनींनो, आपल्या दानाने त्या रुग्णाचे बिल भागले, हे खरे. तथापि त्याची बुडालेली मजुरी, त्याच्या पत्नीने शुश्रूषेसाठी सोडलेले काम, पुढील शस्त्रक्रियेचा खर्च आणि आयुष्यभराचे अपंगत्व यांचा दावा शाबूत राहतो. आपल्या दानाने त्याला उभे केले आणि दाव्याच्या रकमेने तो पुढे चालू लागला, तर दानाचे सार्थक दुप्पट होते.

आता थोडे दलालांविषयी. अपघात विभागाबाहेर, चहाच्या टपरीवर, कधी वॉर्डातही एखादा गोड बोलणारा इसम नातेवाइकांना गाठतो. 'एक पैसा देऊ नका, निकालात अर्धे अर्धे,' असे सांगून कोऱ्या कागदावर सह्या घेतो. काही परदेशांत रकमेतील हिश्श्यावर वकिली करण्यास मुभा असली, तरी भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार आपल्याकडे वकिलास निकालावर अवलंबून फी ठरविता येत नाही, भरपाईत वाटा घेता येत नाही आणि पक्षकार मिळविण्यासाठी माणसेही फिरविता येत नाहीत. जो असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. ज्यांच्याजवळ फीचे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आपल्या प्रत्येक वॉर्डात मोठ्या अक्षरांत लावावा, ही आमची सूचना आहे. त्याने आमच्या कचेरीचे काम कमी होईल, तर ते आम्हांस आनंदाने मान्य आहे.

दावा दाखल झाल्यावर तारखांचे पर्व सुरू होते. गांधीबागेहून सिव्हिल लाईन्सच्या न्यायालयापर्यंतचे अंतर धडधाकट माणसास काहीच नाही. कुबड्यांवर चालणाऱ्यास तोच एका दिवसाचा प्रवास असतो, आणि मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून ज्या तारखेस दावेदाराची गरज नसेल, त्या तारखेस त्याने येऊ नये, असे आम्ही आदल्या दिवशीच कळवितो आणि संध्याकाळी काय झाले ते सांगतो. 'काही झाले नाही, पुढची तारीख पडली,' एवढेच सांगावयाचे असले तरी फोन करतो. वाट पाहण्याचा त्रास माणूस सहन करतो. आपल्याला कोणी विसरून गेले, ही भावना त्याला सहन होत नाही.

साक्षीच्या दिवशी भीती असते. उलटतपासणीत कठोर प्रश्न येतात. 'तुमचे पती वेगात होते ना? तुम्हांला मिळकतीचा काही पुरावा आहे का?' यासाठी आम्ही आधी एकदा तिला रिकाम्या न्यायदालनात नेऊन आणतो. साक्षीदार कोठे उभा राहतो, न्यायाधीश कोठे बसतात, हे दाखवितो. काय उत्तर द्यावे ते पढवीत नाही. जे ठाऊक आहे ते सांगावे, जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणावे, एवढेच सांगतो. तरुण विधवांना आणखी एक धास्ती असते, की दुसरे लग्न केले तर हक्क जाईल. पुनर्विवाहाने भरपाईचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या मृत्यूची किंमत शून्य धरली जाईल, अशी भीती बाळगण्याचेही कारण नाही. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात २००१ मध्ये, आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मोल मान्य केले आहे.

सर्वांत अवघड काम 'नाही' म्हणण्याचे. रिकाम्या रस्त्यावर स्वतःचीच मोटारसायकल घसरून गेलेल्या माणसाच्या घरच्यांना दुसऱ्या कोणाचा दोष दाखविता येत नाही. तेथे आम्ही खोटी आशा लावीत नाही. विम्यात मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले होते काय, एवढे मात्र पॉलिसी काढून तपासतो. काही वेळा तेथे दार उघडते. काही वेळा उघडत नाही. पहिल्याच दिवशी सत्य सांगितलेले बरे, कारण त्या कुटुंबाला आपली पुढची वाट लवकर आखता येते.

तडजोडीचा प्रसंग असाच नाजूक असतो. लोक अदालतीत प्रकरण मिटले तर रक्कम लवकर मिळते. पण तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सावकाराचे व्याज चढत असलेल्या घराला आजचे ६ लाख उद्याच्या १० लाखांपेक्षा मोलाचे वाटू शकतात, आणि कधी ते खरेही असते. निर्णय कुटुंबाचा आणि सल्ला वकीलसाहेबांचा. आमचे काम दोन्ही हिशेब मराठीत, मोठ्या अक्षरांत कागदावर मांडून देणे आणि घरी जाऊन चार माणसांत विचार करण्यास एक रात्र मागून घेणे. सही करावयाची ती समजून करावी.

आणि मग निकाल लागतो. त्यात एक सदर असते, सहवास गमावल्याबद्दलच्या भरपाईचे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यासाठी ४० हजार रुपये आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ ठरवून दिली. हिशेब वाचून दाखविताना त्या आकड्यापाशी एखादी बाई थांबते आणि विचारते, "माझ्या माणसाची किंमत एवढीच का जी?" याचे उत्तर कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. आम्ही सांगतो, "बाई, ही किंमत नव्हे. न्यायालयाला दुःख मोजता येत नाही, म्हणून सर्वांसाठी एक आकडा धरला आहे." ती ऐकते. पटते की नाही, हे आम्ही विचारीत नाही.

रक्कम जमा झाल्यावरही आमचे काम संपत नाही. अज्ञान बालके आणि निरक्षर दावेदार यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच सांगितले आहे. हेतू चांगला आहे. कारण रक्कम आली की दूरचे नातेवाईक जवळ येतात. बाईच्या स्वतःच्या नावाने खाते उघडणे, व्याज दरमहा त्यात जमा होते की नाही ते पाहणे, मुलीच्या शिक्षणासाठी ठेव मोडावयाची असल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करणे, ही कामे वर्षानुवर्षे चालतात. ज्या मुलाच्या नावाने ठेव ठेवली, तो अठरा वर्षांचा होऊन सही करण्यास येतो, तेव्हा त्याची फाईल आम्हांस कपाटाच्या वरच्या फळीवरून काढावी लागते.

विश्वस्त मंडळापुढे आमच्या विनंत्या थोडक्यात मांडतो. अपघाताच्या रुग्णाचा केसपेपर, एक्स-रे व मूळ बिले एका वेगळ्या पाकिटात घालून डिस्चार्जच्या वेळी द्यावीत आणि त्या पाकिटावर सहा महिन्यांच्या मुदतीची सूचना छापावी. अभिलेख जपून ठेवावेत. दावा संपेपर्यंत ते नष्ट होऊ नयेत. आठवड्यातून एक दिवस विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकास रुग्णालयात बसण्यासाठी एक टेबल व दोन खुर्च्या द्याव्यात. याला मोठा खर्च नाही. आणि नातेवाइकांना आमचे सांगणे एवढेच, की औषधाची लहानशी पावतीही फेकू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि विचारण्यास संकोच करू नका.

आपले रुग्णालय मोडलेले हाड सांधते. त्यानंतर त्या माणसाचे मोडलेले घर सांधण्याचे काम अनेक हातांनी करावयाचे असते. त्यांत पोलीस, डॉक्टर, वकील, न्यायाधीश आणि आमच्यासारखे कारकून सारेच आले. आपला अभिलेख विभाग आणि आमची कचेरी यांच्यातील हा जिव्हाळा असाच वाढत राहो.